सामानापाशी

घरातून चार माणसं कुठेही निघाली की एक प्रश्न येतोच. देवळाच्या पायरीशी येतो, एसटी स्टँडवर येतो, समुद्राच्या वाळूत येतो. "सामानापाशी कोण बसतंय?" प्रश्न सगळ्यांना उद्देशून असतो, पण त्याचं उत्तर विचारणाऱ्याला आधीच ठाऊक असतं आणि बसणाऱ्यालाही. इतरांचं "मी बसतो", "नको, मी बसते" चाललेलं असतानाच कुणीतरी पदर खोचून पिशव्यांच्या मधोमध टेकलेलंही असतं.

मी गेली आठ वर्षं पगार घेऊन सामानापाशी बसते. बसते म्हणायचं एवढंच. फ्रंट डेस्कवर उभंच राहायचं असतं. खोपोलीच्या बाजूला, द्रुतगती मार्गावरून गाडी खाली उतरली की थोड्याच वेळात येणाऱ्या एका मनोरंजन पार्कचं हे हॉटेल. लॉबीच्या काचेतून रोलरकोस्टरचा चढ दिसतो. गाडी हळूहळू वर सरकते, टोकाला क्षणभर अडखळल्यासारखी होते आणि कोसळते. काच जाड आहे, त्यामुळे आम्हाला वर गेलेले हात दिसतात, किंकाळी ऐकू येत नाही. पण पुढचा सरकता दरवाजा कुणासाठी उघडला की तेवढ्यापुरती बोंब आत येते. दरवाजा मिटला की मधूनच तुटते. नवीन लागले तेव्हा दर वेळी दचकायचे. आता दरवाजा उघडून बोंब आली नाही तर मान वर होते. पार्क बंद पडलं की काय?

खोपोलीला कोसळण्याचं अप्रूप नाही. आमचे आजोबा टाटांच्या पॉवर हाउसमध्ये होते. हे वीजघर १९१५ साली सुरू झालं. लोणावळ्याच्या बाजूच्या तलावांतलं पाणी मोठमोठ्या नळांतून घाट उतरवून खाली आणायचं, त्या जोरावर चाकं फिरवायची आणि तयार झालेली वीज मुंबईच्या गिरण्यांना पाठवायची. सगळी किमया उंचीची. आजोबा म्हणायचे, पाण्याला वर नेऊन ठेवण्याचे कष्ट पाऊस करतो, आपण फक्त त्याला पडू द्यायचं. बहुतेक रोलरकोस्टरचंही तेच असतं. गाडीला इंजिन नसतं. साखळी तिला एकदा वर ओढून नेते आणि पुढचं सगळं पडण्यावर भागतं. पाणी पडलं की वीज होते, माणूस पडला की आरोळी. दोन्हींचं बिल महिनाअखेरीला मुंबईतलीच माणसं भरतात, असा एक विनोद मी सांगते. विनोद आजोबांचा नाही, माझाच आहे; पण आजोबांच्या नावावर तो जास्त चालतो.

डेस्कवर तीन पाळ्या. सकाळची सातला सुरू होते, दुपारची दोनला, रात्रीची दहाला. सकाळच्या पाळीइतकी कठीण पाळी नाही. खोल्या अकराला रिकाम्या व्हायच्या आणि दोनला द्यायच्या, असा नियम छापलेला असतो. पण पार्कला येणारी माणसं पहाटे उठून, डोळे चोळणाऱ्या पोरांना गाडीत घालून दहालाच दारात उभी असतात. त्यांना खोली हवी असते. आमच्या पडद्यावर खोल्यांपुढे खुणा असतात : रिकामी पण अस्वच्छ, रिकामी आणि स्वच्छ, भरलेली, दुरुस्तीला. दहाच्या सुमाराला जवळजवळ सगळं हॉटेल पहिल्या आणि तिसऱ्या खुणेत वाटलेलं असतं. मग सुरू होतं "बघते".

आम्हाला शिकवताना पहिला शब्द काढून घेतात तो "नाही". खोली तयार नाही, जोडखोली नाही, नाश्ता संपला, आता मिळणार नाही, असं काहीही तोंडातून येता कामा नये. त्याऐवजी म्हणायचं, "मी बघते." हा शब्द मराठीत फार सोयीचा आहे. त्यात करीन असंही नाही आणि करणार नाही असंही नाही. लग्नाळू मुलाच्या घरचे म्हणतात, तालुक्याचा साहेब म्हणतो, नवरा म्हणतो. मी दिवसाला शंभरेक वेळा म्हणते. पहिली दोन वर्षं मला वाटायचं की ही सभ्य थाप आहे. पुढे कळलं की पुष्कळ माणसांना खोली तितकी नको असते. कुणीतरी आपलं बघतंय एवढं हवं असतं. "बघते" म्हणून मी खरोखर पडद्याकडे बघितलं, हाउसकीपिंगला फोन लावला, दोन मिनिटांनी मान वर करून पुन्हा त्यांच्याकडे बघितलं, की माणूस सोफ्यावर जाऊन शांत बसतो. न बघता म्हटलं, तर त्याला ते लगेच कळतं.

पार्कच्या हॉटेलाची म्हणून जी खास गंमत आहे ती मुलांच्या वयाची. ठरावीक वयाखालचं मूल आईबापांच्या खोलीत फुकट. वरचं असेल तर जादा पलंगाचे आणि नाश्त्याचे पैसे. त्यामुळे डेस्कसमोर आलेलं प्रत्येक मूल वयाने थोडं आटतं. एका रविवारी नगरकडचे एक गृहस्थ आले. चेहऱ्यावर प्रामाणिकपणा इतका की थाप मारताना त्यांनाच घाम फुटला होता. "पोरगा पाचचा आहे," असं ते म्हणाले. पोरगा डेस्कच्या काठावर हनुवटी टेकवून माझ्याकडे बघत होता. पाच वर्षांच्या पोराची हनुवटी आमच्या डेस्कपर्यंत पोचत नाही. मला त्यांची दया आली. म्हटलं, "म्हणजे सहावं लागलंय ना?" मी पुढे केलेली ही फळी त्यांनी झटकन पकडली. "हो, हो! सहावं लागलंय!"

"सातवं!" पोरगा म्हणाला. "बाबा, सातवं लागलं ना जूनमध्ये!"

बाप माझ्याकडे बघेना, मी बापाकडे बघेना. आई मात्र तोंडाला रुमाल लावून हसत होती. संध्याकाळी तीच मंडळी परतली तेव्हा पोरगा रडून लाल झाला होता. मोठ्या राइडच्या तोंडाशी उंची मोजायची पट्टी असते, तिथे तो दोन बोटं कमी पडला. टाचा उंच करूनही भागलं नाही. बापाने मला ते सांगितलं आणि स्वतःच हसला. "सकाळी इथं लहान पाहिजे होता, दुपारी तिथं मोठा. त्यानं तरी काय करावं?" डेस्कपाशी वाकायचं आणि पट्टीपाशी ताठ व्हायचं, हा कायदा त्या पोराला एका दिवसात कळला. आपल्याला तो कळायला नोकरी लागावी लागते.

पण मला सांगायचंय ते सामानाचं.

कुठल्याही दिवशी सकाळी अकरा ते संध्याकाळी सहा या वेळात आमच्या लॉबीत या. सोफ्यांवर माणसं दिसतील. ही पार्कला आलेली आणि पार्कमध्ये न गेलेली माणसं. काही नियमाने बाहेर राहिलेली : गरोदर मुलगी, पाठीचं ऑपरेशन झालेले काका, रक्तदाबाची गोळी घेणारी आत्या. मोठ्या राइडच्या दाराशी या सगळ्यांसाठी पाटी असते. काही सवयीने बाहेर राहिलेली. त्यांच्यासाठी पाटी लागत नाही. त्यांना चक्कर येते, ऊन लागतं, "तुम्ही जा रे, मला काय त्यातलं कळतंय" असं म्हणायची त्यांना वर्षानुवर्षांची सवय असते. बहुतेक वेळा ती बाई असते, बहुतेक वेळा घरातली सगळ्यात जुनी बाई. तिच्या भोवती पिशव्या, पाण्याच्या बाटल्या, पोरांचे स्वेटर, कुणाचा चष्मा, कुणाचं पाकीट, चार्जिंगला लावलेले दोन फोन. जगातला सगळा उनाडपणा तिच्या भरवशावर बाहेर चाललेला असतो.

सोलापूरच्या बाजूच्या एक आजी मला आठवतात. सात माणसांचा घोळका होता. खोल्या तयार नव्हत्या, तिकिटं मात्र आधीच काढलेली, म्हणून सगळ्यांनी मनगटाला जांभळ्या पट्ट्या बांधल्या आणि साडेदहाला पार्क गाठलं. आजी सामानापाशी बसल्या. मी जाऊन म्हटलं, "आजी, सामान आमच्याकडे ठेवा. आम्ही प्रत्येकाला चिठ्ठी लावतो, अर्धी चिठ्ठी तुमच्याकडे देतो. काही हलत नाही. तुम्ही जाऊन या त्यांच्याबरोबर." आजींनी मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. गणवेश पसंत पडला असावा.

"किती नग आहेत?" मी विचारलं.

"अकरा. पर तू मोज."

आमच्या पोऱ्याने मोजले, दहा भरले. आजींचा चेहरा न बदलता हात मात्र मांडीवरच्या स्टीलच्या डब्यावर गेला. "अकरावा ह्यो. ह्यो नाही द्यायची मी." डब्यात कडक भाकरी आणि शेंगांची चटणी होती. पोरांना मधेच भूक लागली तर काय, ही चिंता. पार्कात जाताना बाहेरचं खाणं चालत नाही हे त्यांना कुणीतरी सांगितलं होतं, म्हणून डबा इथे आणि डब्यापाशी त्या. दहा नग आम्ही आत नेले, तरी आजी जागच्या उठल्या नाहीत. अकराव्या नगासाठी त्या दिवसभर बसून राहिल्या. मधे दोनदा उठून माझ्याकडे आल्या. एकदा महडचा वरदविनायक इथून किती लांब हे विचारायला, आणि एकदा मी जेवले का ते विचारायला. आठ वर्षांत डेस्कच्या पलीकडून हा दुसरा प्रश्न मला किती वेळा आला, ते एका हाताच्या बोटांवर मोजता येईल. भाकरीचा तुकडा मी बॅक ऑफिसमध्ये उभ्याने खाल्ला. चटणी इतकी तिखट की पुढच्या पाहुण्याचं स्वागत मी पाणावल्या डोळ्यांनी केलं, आणि तो भारावून गेला.

संध्याकाळी घोळका परतला. भिजलेले, उन्हाने तांबूस झालेले, एकमेकांच्या बोलण्यावर बोलणारे. नातवाने कात्री मागून सगळ्यांच्या पट्ट्या कापल्या. आजींनी हात मागे घेतला. "माझी राहू दे. गावाकडं दाखवते."

"काय दाखवणार आजी? तू तर कशात बसलीच नाहीस."

"बसले की," आजी म्हणाल्या. "दिसभर बसले."

पोरं हसली. मीही हसले. पण रात्री घरी जाताना ते वाक्य डोक्यातून जाईना. राइडमध्येही बसतात आणि सामानापाशीही बसतात. आपल्या भाषेत क्रियापद एकच. एका बसण्याचं तिकीट असतं आणि दुसऱ्याचं नसतं, एवढाच फरक. आणि कोसळणाऱ्या गाडीत बेल्ट बांधून निर्धास्त ओरडणाऱ्याला तो निर्धास्तपणा नुसता बेल्ट देत नाही. आपलं पाकीट, आपला चष्मा, आपली चप्पल आणि आपलं रोजचं नाव कुणाच्या तरी मांडीवर सुखरूप आहे, हे त्याला आतून माहीत असतं. आनंदाला राखण लागते. पिकाला लागते तशीच. माळ्यावर कुणी बसलं नाही तर पाखरं दाणे नेतात.

एका माणसाची राखण मी चुकून केली. चूक माझी आणि आमच्या धंद्यात अक्षम्य मानली जाणारी : भरलेली खोली दुसऱ्याला देणं. खोलीचा नंबर मोठ्याने उच्चारायचा नाही, किल्लीकार्डाच्या पाकिटावर लिहून द्यायचा, असा दंडक आहे. गर्दीच्या तासाला मी ३२१ ऐवजी ३१२ लिहिलं आणि कार्डही तसंच बनवलं. सुरतेचं एक कुटुंब सामानासकट ३१२ चं दार उघडून आत शिरलं. आत पडदे ओढलेले, एसी सोळावर, आणि पलंगावर एक गृहस्थ भर दुपारी गाढ झोपलेले. सुरतकर दबक्या पावलांनी मागे फिरले. मी फळांची परडी घेऊन माफी मागायला धावत वर गेले.

गृहस्थ दारात उभे होते. केस विस्कटलेले, गालावर उशीच्या वळ्या. मी माफीचं पाठ केलेलं वाक्य सुरू केलं, तर त्यांनी हात वर केला. "माफी राहू द्या, मॅडम. एकच काम करा. आमची माणसं खाली आली आणि मला विचारलं, तर मी इथे झोपलोय म्हणून सांगू नका. मी तिकडे मोठ्या राइडच्या रांगेत आहे."

"किती वेळाच्या रांगेत?" मी विचारलं.

त्यांनी घड्याळ बघितलं. "दोन तासांच्या तरी."

परडी घेऊन त्यांनी दार लावलं. पाचच्या सुमाराला त्यांची बायको दोन मुलींना घेऊन डेस्कशी आली. हातात बर्फाचा गोळा, पायांत दुसऱ्याच कुणाच्या तरी चपला. "आमचे हे दिसले का हो?" मी डोळे न मिटता म्हटलं, "मोठ्या राइडच्या रांगेत असतील." बाई खळखळून हसल्या. "रांगेत कसले! वर घोरत असतील. झोपू दे त्यांना. वर्षभर दुपारची झोप नाही माणसाला. नाहीतर आम्ही पुण्याहून सकाळी येऊन रात्री परत गेलो असतो. खोली त्याच्यासाठीच तर घेतली." मग मुलींना म्हणाल्या, "चला, अजून एक चक्कर मारू. बाबा रांगेत आहेत."

म्हणजे मी ज्याचं गुपित सांभाळत होते, त्याची राखण आधीच कुणीतरी करत होतं. आणि राखण करणाऱ्याने ती कळू दिली नव्हती. पार्कच्या तिकिटावर एक माणूस झोपला, याहून त्या तिकिटाचं सोनं कसं झालं असतं मला सांगता येणार नाही.

सगळेच दिवस असे गोड नसतात. आमचा पाऊस सह्याद्रीच्या कुशीतला. जुलैत लागला की झेनिथचा धबधबा गावात ऐकू येतो. वीज कडकडली, पाऊस वाढला की उघड्यावरच्या राइड थांबवाव्या लागतात. मग माणसं ओलीचिंब परततात आणि डेस्कवर येऊन पाऊस मीच पाडल्यासारखी माझ्याशी बोलतात. "आम्ही नाशिकहून आलोय. थांबणार कधी हा?" घाटात गाड्या अडकलेल्या असल्या तरी प्रश्न मलाच. मी म्हणते, "बघते," आणि खरोखर काचेबाहेर बघते. ढग कुठवर उतरलेत यावरून पावसाचा अंदाज बांधायला आजोबांनी शिकवलं होतं. ते ज्ञान पॉवर हाउसला उपयोगी पडायचं, आता मला पडतं. तेव्हा ओरडणाऱ्यांचा मला राग येत नाही. वर्षाच्या शिलकीतून काढलेला एक दिवस डोळ्यांदेखत विरघळत असतो. त्याचा राग कुणावर तरी काढायला हवा आणि पाऊस डेस्कवर उभा नसतो.

रात्रीची पाळी वेगळी. दहानंतर दरवाजा कमी उघडतो, बोंब थांबते, साखळी थांबते. अंधारात कोस्टरचा चढ एखाद्या मोठ्या जनावराच्या पाठीच्या कण्यासारखा दिसतो. आमच्या कामातली सगळ्यात अजब गोष्ट याच वेळी घडते. हॉटेलची तारीख रात्री बाराला बदलत नाही. नाइट ऑडिट व्हावं लागतं. प्रत्येक खोलीवर त्या रात्रीचं भाडं आणि कर चढवायचा, उपाहारगृहाचा गल्ला जुळवायचा, नोटा मोजायच्या, न आलेल्यांची नावं बाजूला काढायची. सगळं जुळलं की एक बटण दाबायचं. मग हॉटेलचा दिवस संपतो आणि पुढची तारीख लागते. कधी दोनला, कधी एखादा सव्वाशे रुपयांचा घोळ सापडत नसला तर तीनला. जगात सोमवार उजाडून तीन तास झालेले असतात आणि आमच्याकडे अजून रविवार चालू असतो. सुट्टी लांबवायचा हा एकच सरळ मार्ग मला ठाऊक आहे. तो सुद्धा झोपलेल्यांना कळत नाही.

अशा वेळी कधीकधी लिफ्ट वाजते आणि एखादा बाप खाली येतो. हाफ पँट, पायात हॉटेलच्या पांढऱ्या सपाता. पाणी हवंय म्हणतो. पाणी खोलीत असतंच. मग हळूच विचारतो, "आत्तापर्यंत किती झालं?" मी पडदा त्याच्याकडे वळवते. खोली, साडेसात हजारांच्या वरची म्हणून अठरा टक्के कर, जादा पलंग, पोरांचे फ्रेंच फ्राइज, पाण्याच्या खेळांसाठी भाड्याने घेतलेले नायलॉनचे पोशाख, लॉकर. तो ओळीवरून ओळीवर बोट फिरवतो. बहुतेक वेळा काही बोलत नाही. एकदा एकाने मात्र खिशातून फोटो काढून डेस्कवर ठेवला. राइड कोसळताना एक कॅमेरा आपोआप सगळ्यांचा फोटो टिपतो आणि बाहेर पडताना तो विकत मिळतो, त्यातला. दोन मुलं, बायको, मेहुणी, सगळ्यांची तोंडं उघडी, केस उभे. "चांगला आलाय ना?" तो म्हणाला. मी हो म्हटलं. तो त्यात नव्हता. तो खाली पाकिटं आणि चपला घेऊन उभा असणार.

इथे नोकरीला लागण्याआधी मी एकाच पार्कात गेले होते, शाळेच्या सहलीला. एस्सेलवर्ल्ड १९८९ साली गोराईला सुरू झालं, त्यानंतर आमच्या पिढीच्या शाळांना सहल म्हटली की तेच. खाडी ओलांडायला बोट, हे निम्मं आकर्षण. टीव्हीवरच्या त्याच्या जाहिरातीत एक गाणं होतं, घरी जायला तयार नसलेल्या मुलाचं. आज वाटतं, पार्कांना हॉटेलं जोडली ती त्याच मुलाच्या हट्टापायी. त्या सहलीतली एकही राइड मला नीट आठवत नाही. आठवतात त्या आमच्या बाई. चाळीस दप्तरांच्या ढिगाशेजारी सिमेंटच्या बाकावर बसलेल्या, डोक्यावर वर्तमानपत्र धरून. आम्ही दर थोड्या वेळाने धावत जायचो, बाई आहेत ना बघायचो आणि पुन्हा धावत सुटायचो. पाणी प्यायला जातोय, असं आम्हाला वाटायचं.

अमेरिकेत १९५५ साली डिस्नेलँड उघडलं तेव्हा वॉल्ट डिस्नेचे पैसे पार्कातच संपले होते; शेजारचं हॉटेल जॅक रॅदर नावाच्या टीव्ही-निर्मात्याने बांधलं. डिस्नेने स्वतःसाठी पार्कातल्या अग्निशमन केंद्राच्या माडीवर एक छोटं घर तेवढं करून घेतलं. त्या माडीच्या खिडकीत त्याच्या आठवणीसाठी अजून एक दिवा तेवत ठेवतात. प्रशिक्षणात आम्हाला हे सांगितलं तेव्हा बाकीच्यांना त्यात दूरदृष्टी दिसली. मला दिसले सामानापाशी बसलेले एक गृहस्थ.

आणि मग आमची जत्रा. कार्तिकी एकादशीला खोपोलीजवळ साजगाव-ताकईला बोंबल्या विठोबाची यात्रा भरते आणि पंधरवडाभर चालते. पंढरपूरचा विठोबा उपास करायला लावतो. आमच्या विठोबाच्या दारात सुक्या मासळीचा बाजार भरतो. बोंबील, सुकट, वाकट्या, नि पलीकडे घोंगड्या आणि ब्लँकेटांचे ढीग. नाव बोंबलावरून पडलं की बोंब मारण्यावरून, यावर दर वर्षी वाद होतो. तुकाराम महाराज कोकणात मिरच्या विकायला उतरत, त्यांच्याशी या देवाचं नातं इथली माणसं जोडतात. महाराजांच्या मिरच्यांची कथा प्रसिद्धच आहे : तुमचं तुम्हीच मापून घ्या म्हणाले, गिऱ्हाइकांनी हवं तसं मापून घेतलं, आणि शेवटी विठ्ठलच माणसाच्या रूपाने दारोदार जाऊन वसुली करून आला. लहानपणी मला ही कथा भक्तीची वाटायची. आता वाटते नाइट ऑडिटची. भक्त आपल्या नादात हरवला होता, तोवर त्याचा गल्ला कुणीतरी सांभाळला.

गेल्या यात्रेला आम्ही घरचे सगळे गेलो. आकाशपाळणा बघून भावाची दोन्ही मुलं थांबेचनात. भाऊ-वहिनी त्यांना घेऊन निघाले. वहिनीने पर्स खांद्यावरून काढली आणि मी बघितलं : कुणी काही म्हणायच्या आधीच आईचा हात पुढे आला होता. दुसऱ्या हातात सुकटीची पिशवी, ती तिने कोपराला सरकवली. पर्स, दोन फोन, चार जोड चपला. घोंगड्यांच्या एका दुकानाच्या कडेला पोत्यावर ती बसलीसुद्धा.

"आई, तू जा," मी म्हटलं. "आज मी बसते सामानापाशी."

"वेडी की काय! वर जाऊन काय बघायचं? माणसांची डोकी." तिने हनुवटीने पाळण्याकडे खूण केली. "इथून माझी चारही माणसं दिसतात."

ती खरं बोलत होती की सवयीने बोलत होती, मला कळलं नाही. तिलाही कळत असेल असं वाटत नाही. इतक्या वर्षांनी ती दोन्ही एक होऊन जातात. मी तिच्याशेजारी पोत्यावर बसले. आठ वर्षं हे काम करते, पण बसून करायची ही पहिलीच वेळ होती. पाळणा वर जायचा, वरून भाच्यांची किंकाळी यायची, इथे काच नव्हती, ती पूर्ण यायची. सुकटीचा वास, कढईतल्या भज्यांचा वास, कुठेतरी मृदंग. पाळणा खाली आला की मुलं आमच्याकडे बघून हात हलवायची, आम्ही आहोत ना याची खात्री करून पुन्हा वर जायची. पाणी प्यायला जातात तशी.

तेवढ्यात एक बाई लगबगीने आल्या, बरोबर तीन मुलं. "ताई, एवढं जरा बघाल का? आलोच आम्ही."

"बघते," मी म्हटलं, आणि तोंडातून आपसूक निघालं, "किती नग आहेत?"

बाई गोंधळल्या. "नग कसले? चपला आहेत हो. चार जोड."

"म्हणजे आठ नग," आई म्हणाली, आणि पोत्यावर जागा करून तिने त्या आपल्या चपलांपासून वेगळ्या, ओळीने लावून ठेवल्या.